सर्व्हरचा गेटपास

अंबरनाथ पश्चिमेच्या जुन्या वस्तीत ऑर्डनन्स फॅक्टरीत किंवा मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत कुणी ना कुणी कामाला होते, अशी घरे पुष्कळ आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ संपले आणि त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यात पहिली फॅक्टरी यंत्र इंडियाकडे गेली, दुसरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. अशा गावात गेटपास म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. बाहेरचा माणूस आत जाणार असेल तर त्याचे नाव, कोणत्या विभागात जाणार, काय काम, कधीपासून कधीपर्यंत, हे त्या कागदावर असते. तारीख उलटली की कागद निकामी होतो आणि त्याची नोंद फाटकावरच्या रजिस्टरात राहते. लेथ दुरुस्त करायला आलेल्या मेकॅनिकच्या हातात कारखान्याच्या सगळ्या कुलपांची किल्ली कुणी ठेवत नाही. पण याच गावच्या आनंदनगर एमआयडीसीतल्यासारख्या लहान-मध्यम कारखान्यांच्या ऑफिसात एका कोपऱ्यात जो सर्व्हर चालू असतो, त्याच्या बाबतीत बहुतेक वेळा नेमके हेच घडते. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चा पासवर्ड व्हॉट्सॲपवर जातो, दुरून संगणक चालवू देणाऱ्या एनीडेस्कचा नंबर फोनवर सांगितला जातो आणि समोरचा माणूस आपल्या यंत्राचा संपूर्ण मालक होतो. या प्रकरणात मांडायचे आहे ते एवढेच की वेब सर्व्हरचा कारभार मास्टर किल्लीवर चालवायचे दिवस सरले आहेत, तो गेटपासवर चालवायला हवा आणि त्यासाठी लागणारी यंत्रणा, म्हणजे सर्व्हरच्या व्यवस्थापनाचा एपीआय (ठरलेल्या साच्यातल्या लेखी विनंत्यांनी यंत्राला काम सांगण्याची सोय), आज सामान्य ऑफिसच्या आवाक्यात आहे.

आधी तक्रारीचे नेहमीचे स्वरूप पाहू. संध्याकाळी माल भरून ट्रक गेटवर उभा आहे, पण ईआरपीचे, म्हणजे कारखान्याचा कारभार सांभाळणाऱ्या प्रणालीचे, पान उघडत नाही, म्हणून चलन निघत नाही. सर्व्हर विंडोजचा आहे आणि ईआरपी आयआयएस या मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरवर चालते. आयआयएस प्रत्येक प्रणालीला एका ‘ॲप्लिकेशन पूल’मध्ये ठेवतो, म्हणजे तिला वेगळी खोली देऊ शकतो, जेणेकरून एक बिघडली तर शेजारची बिघडू नये. बहुधा ती खोलीच तुंबलेली असते. पूल बंद करून पुन्हा चालू केला की काम होते. दोन मिनिटांचे काम, पण त्या दोन मिनिटांसाठी पुरवठादाराचा माणूस पूर्ण अधिकाराने यंत्रात शिरतो. तो हिशेबाच्या फाइली उघडू शकतो, नवा वापरकर्ता तयार करू शकतो, बॅकअप पुसू शकतो. तो यातले काहीही करत नाही, कारण तो सज्जन आहे. पण तोच पासवर्ड त्याच्या लॅपटॉपवर, त्याच्या सहकाऱ्याच्या वहीत आणि तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या तरी मोबाइलमध्येही असतो. सज्जनपणाची खात्री एका माणसाची देता येते, पासवर्ड जिथे जिथे पोचला त्या सगळ्या जागांची देता येत नाही.

आता हेच काम एपीआयने कसे होते ते जवळून पाहू. आयआयएस ॲडमिनिस्ट्रेशन एपीआय ही मायक्रोसॉफ्टने खुल्या स्रोतात दिलेली लहानशी सेवा आहे. सर्व्हरवर ती बसवली की ५५५३९ या पोर्टवर, एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीवरच ती बोलते. पहिली विनंती नुसती वाचण्याची असते: यंत्राचा पत्ता, पोर्ट, आणि पुढे ‘एपीआय’, ‘वेबसर्व्हर’, ‘ॲप्लिकेशन-पूल्स’ असे तिरक्या रेघांनी जोडलेले शब्द. उत्तरादाखल जेसन या साध्या मजकुराच्या साच्यात यादी येते. प्रत्येक पूलचे नाव, त्याची लांबलचक ओळख-खूण आणि तो चालू आहे की बंद, हे तीत असते. दुसरी विनंती बदलाची, तिचे क्रियापद ‘पॅच’. हे क्रियापद वेबच्या नियमावलीत मार्च २०१० मध्ये रीतसर आले आणि त्याचा अर्थ आपल्या ‘ठिगळ’ या शब्दाने चांगला कळतो, कारण अख्खे कापड बदलायचे नसते, फाटले असेल तेवढीच जागा सांधायची असते. विनंतीच्या पोटात महिरपी कंसात एकच जोडी लिहायची: ‘स्टेटस’, आणि त्यापुढे ‘स्टॉप्ड’. मग तशीच आणखी एक विनंती, ‘स्टार्टेड’ म्हणणारी. काम झाले. माऊस कुठे फिरला, कोणती खिडकी उघडली, हे प्रश्नच उरत नाहीत. केलेले काम दोन ओळींत लिहिलेले असते, उद्या तेच काम दुसऱ्या माणसाने केले तरी त्या दोन ओळी तशाच राहतात. माझ्या मते एपीआयची खरी किंमत इथे आहे. दुरून काम करता येणे हा फायदा त्यामानाने किरकोळ, तो एनीडेस्कनेही मिळतो.

आणि गेटपास? तो इथे टोकनच्या रूपात येतो. सेवा बसवल्यावर त्याच यंत्रावर तिचे सुरक्षेचे पान उघडायचे, विंडोजच्या नाव-पासवर्डने स्वतःची ओळख द्यायची आणि नवे टोकन मागायचे. ते पान दोन गोष्टी विचारते: हे टोकन कशासाठी, आणि ते कधी संपावे. मग अक्षरांची एक लांब ओळ एकदाच दाखवली जाते. ती तेव्हाच उतरवून घ्यायची. पुढच्या प्रत्येक विनंतीच्या माथ्यावर ती जोडावी लागते. ज्याला दिले त्याचे काम संपले की यादीतून ते एक टोकन खोडायचे, बाकीच्यांचे काम अडत नाही. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड बदलायचा म्हटले तर मात्र तो कुठे कुठे वापरला आहे ते शोधत बसावे लागते आणि त्या भीतीनेच तो वर्षानुवर्षे बदलला जात नाही. या सेवेच्या सेटिंगच्या फाइलमध्ये आणखी एक बारकावा आहे, तो लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. एपीआय वापरायला, टोकन द्यायला आणि सेवेच्या स्वतःच्या व्यवस्थेला हात लावायला अशी तीन वेगळी कलमे आहेत. प्रत्येक कलमात कोणते वापरकर्ते चालतील हे स्वतंत्रपणे लिहिता येते आणि एखादे कलम ‘फक्त वाचा’ असेही ठेवता येते. कोणते फोल्डर एपीआयला दिसावेत, आणि त्यांत फक्त वाचता यावे की लिहिताही यावे, हेसुद्धा त्याच फाइलमध्ये नमूद करावे लागते.

यावर पहिला आक्षेप येतो तो सर्वांत जड आहे, म्हणून त्याला पूर्ण वाव दिला पाहिजे. घराला आधीच दारे कमी आहेत का, आणखी एक कशाला? आक्षेप घेणाऱ्याच्या हाती पुरावाही भक्कम आहे. मे २०२२ मध्ये एफ-फाइव्ह या कंपनीच्या बिग-आयपी या उपकरणांमधली एक त्रुटी उजेडात आली. जगभरच्या मोठ्या संस्था आपल्या सर्व्हरांवरची वर्दळ वाटून द्यायला ही उपकरणे वापरतात. त्रुटी त्यांच्या व्यवस्थापनाच्या एपीआयमध्येच होती. ओळख न पटवताच त्याला आज्ञा देता येत होत्या. धोक्याच्या दहाच्या मापावर तिला ९.८ गुण मिळाले. त्याआधी २०२० मध्ये अपाची एपीसिक्सची गोष्ट घडली. या सॉफ्टवेअरच्या ॲडमिन एपीआयसोबत एक ठरावीक टोकन कारखान्यातूनच भरलेले येत असे, सर्वांना तेच. सोबत ठरावीक पत्त्यांखेरीज कुणाला आत न घेण्याचा नियमही असे. ज्यांनी सोयीसाठी तो नियम काढून टाकला आणि टोकन बदलायचे राहून गेले, त्यांचा एपीआय जगाला खुला झाला.

हे दोन्ही पुरावे मला मान्य आहेत, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. दारे किती आहेत यापेक्षा ती कोणत्या रस्त्यावर उघडतात हे महत्त्वाचे. बिग-आयपीच्या बाबतीतही ज्यांनी व्यवस्थापनाचे दार इंटरनेटकडे न उघडता आतल्या वेगळ्या नेटवर्ककडे उघडले होते, त्यांना दुरुस्ती येईपर्यंत श्वास घ्यायला अवधी मिळाला. कॅडी या तुलनेने नव्या वेब सर्व्हरने हे तत्त्व मूळ मांडणीतच स्वीकारले आहे. त्याचा ॲडमिन एपीआय मुळात ‘लोकलहोस्ट’वर, २०१९ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो, म्हणजे यंत्राबाहेरच्या कुणाचेही तो ऐकतच नाही. आयआयएसच्या सेवेत पत्त्याच्या जागी तारांकन असते, म्हणजे यंत्राच्या सगळ्या जोडण्यांवर तिचा कान असतो. म्हणून बसवल्यावर पहिले काम हेच करायचे: तारांकनाच्या जागी लोकलहोस्ट लिहायचे, किंवा फायरवॉलमध्ये ठरलेल्या एक-दोन पत्त्यांनाच वाट द्यायची आणि बाहेरच्या माणसाला व्हीपीएनमधून यायला लावायचे. एपीसिक्सच्या प्रसंगात दोन कुलपे होती, त्यातले एक मालकांनीच काढले होते आणि दुसऱ्याची किल्ली बदलली नव्हती. त्यात एपीसिक्सचाही दोष आहे, कारण सर्वांना एकच किल्ली देणे ही निर्मात्याची चूक होती, पण ती एपीआय या कल्पनेची चूक नव्हे. शिवाय तुलना करायची तर आज खरोखर चालू असलेल्या पद्धतीशी केली पाहिजे. एपीआय नको म्हणून सर्व्हरला दारच नसते असे होत नाही. दार आहेच, त्याचे नाव रिमोट डेस्कटॉप किंवा एनीडेस्क, आणि त्यातून आत आलेल्याला सगळे घर मोकळे असते.

इथे माझ्याच बाजूची एक उणीव सांगितली पाहिजे. फॅक्टरीच्या गेटपासवर विभागाचे नाव असते, आयआयएसच्या टोकनवर ते नसते. ‘फक्त हा एक पूल बंद-चालू कर, बाकी काही नाही’ असे टोकन ही सेवा देत नाही. टोकनला कारण असते, मुदत असते, पण हद्द नसते. म्हणून पुरवठादाराच्या हाती थेट टोकन देण्यापेक्षा मध्ये एक छोटी स्क्रिप्ट ठेवावी. टोकन स्क्रिप्टजवळ, स्क्रिप्टला येणारे काम एकच, आणि पुरवठादाराला फक्त ती स्क्रिप्ट चालवण्याचा अधिकार. जुन्या टूलरूममध्ये कामगार स्वतः कपाट उघडत नसे. खिडकीशी पितळी बिल्ला द्यायचा आणि आतला माणूस हवे ते गेज काढून द्यायचा, तसेच हे.

दुसरा आक्षेप लहान ऑफिसांचा: आमचा एक सर्व्हर, त्यावर एक माणूस, वर्षातून चार वेळा हात लावावा लागतो, हा खटाटोप कशाला? काही वर्षांपूर्वी हा युक्तिवाद मी मान्य केला असता. आता तो टिकणार नाही आणि त्याचे कारण सर्टिफिकेट. पत्त्याच्या पट्टीतले कुलूप ज्यामुळे दिसते त्या प्रमाणपत्राची मुदत काही वर्षे ३९८ दिवसांपर्यंत होती. वर्षातून एकदा कुणीतरी ते विकत घ्यायचे, सर्व्हरवर चढवायचे, झाले. एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या संयुक्त मंचाने ही मुदत टप्प्याटप्प्याने आखडायचे ठरवले: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस. म्हणजे पूर्वी वर्षातून एकदा होणारे काम तेव्हा आठ वेळा करावे लागेल आणि एकदा विसरले की ग्राहकाच्या पडद्यावर धोक्याची लाल सूचना झळकेल. हे काम हाताने होणार नाही. ज्या नियमावलीने हे काम यंत्राकडून यंत्राकडे सोपवता येते, ती एक्मी नावाची नियमावली मार्च २०१९ मध्ये प्रमाणित झाली आणि मोफत प्रमाणपत्रे देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था तिच्यावरच चालते. कुणी म्हणेल, त्यासाठी तयार साधने मिळतात, आयआयएसचा एपीआय हवाच असे नाही. बरोबर. विंडोजला लेखी आज्ञा देणाऱ्या पॉवरशेलनेही पुष्कळ काम भागते. पण ते साधन वापरले त्या क्षणी तुम्ही मुख्य मुद्दा मान्य केलेला असतो: सर्व्हरमधला बदल ही लिहून ठेवलेली, यंत्राला वाचता येणारी आज्ञा असावी. उत्पादन कोणते हा पुढचा प्रश्न.

तिसरा आक्षेप अनुभवी माणसांचा असतो. माणूस हाताने चुकला तर एक सर्व्हर बसतो, एपीआयने चुकला तर शंभर बसतात. याला ४ ऑक्टोबर २०२१ चा दाखला देता येतो. त्या दिवशी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या एका आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारे नेटवर्कच तुटले. अशा आज्ञा तपासून अडवणारे साधन होते, पण त्यातच दोष असल्याने त्याने ती जाऊ दिली. कंपनीने स्वतःच नंतर हे सविस्तर सांगितले. त्याहून बोधक भाग पुढचा आहे. दुरुस्तीची साधने त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्याने तीही बंद पडली आणि अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले. आपल्याकडे हे ‘प्रत्यक्ष जाणे’ काय असते ते २७ जुलै २०१९ ला दिसले. उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. अशा दिवशी अंबरनाथहून महापे-रबाळेच्या डेटा सेंटरकडे निघणारा माणूस कुठवर पोचेल? म्हणून कारभाराची वाट आणि कामाची वाट एक नसावी. एपीआय बंद पडला तरी सर्व्हरच्या कन्सोलपर्यंत नेणारी वेगळी, साधी, क्वचित वापरायची जोडणी हवीच.

चूक पसरण्याच्या वेगाबद्दल मात्र उत्तर एपीआयच्याच पोटात सापडते, आणि कॅडीत ते फार सुरेख आहे. नवी रचना पाठवली आणि ती लागू होत नसेल तर कॅडी जुनी रचना तशीच चालू ठेवतो, ग्राहकाला खंड जाणवत नाही. दोन माणसे एकाच वेळी बदल करू लागली तर काय, याचीही सोय आहे. रचना वाचताना तिच्यासोबत ‘ईटॅग’ नावाची खूण येते, कागदावरच्या जावक क्रमांकासारखी. बदल पाठवताना तीच खूण सोबत द्यायची. मधल्या काळात दुसऱ्याने काही बदलले असेल तर खूण जुळत नाही आणि सर्व्हर विनंती परत पाठवतो: आधी नवी प्रत वाच, मग सांग. रिमोट डेस्कटॉपवर दोघे एकाच सेटिंगशी खेळत असतील तर शेवटी बटण दाबणाऱ्याचे खरे ठरते आणि पहिल्याला ते कळतही नाही.

नोंदीचा मुद्दा मी शेवटी ठेवला, पण कायद्याच्या दृष्टीने तोच आधी येतो. २१ मार्च २०२१ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे ज्याच्या वसाहतीत आनंदनगरचे कारखाने आहेत आणि ज्याच्या बारवी धरणाचे पाणी या पट्ट्याला येते त्या एमआयडीसीच्याच संगणक यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि कार्यालयांतले ऑनलाइन काम ठप्प झाले. असा प्रसंग कुठेही घडला की पहिल्या तासाचे प्रश्न ठरलेले असतात: आत कोण होते, काय बदलले, कधी बदलले? २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला अशा घटनेची माहिती सहा तासांच्या आत द्यावी लागते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. चार जण एकाच ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नावाने आत येत असतील तर नोंदवहीत चार वेळा एकच नाव दिसते. ती नोंद असून नसल्यासारखी. आयआयएसचा एपीआय आपल्यामार्फत झालेल्या बदलांची तारीखवार फाइल लिहितो. ती फाइल त्याच सर्व्हरवर ठेवून उपयोग नाही, कारण हल्लेखोर आधी तिलाच हात घालतो. रोज रात्री ती दुसऱ्या यंत्रावर जायला हवी.

सुरुवात करायची असेल तर बदलाच्या आज्ञांपासून करू नये. चाचणीच्या यंत्रावर सेवा बसवावी, ती लोकलहोस्टपुरती बांधावी, एपीआयचे कलम ‘फक्त वाचा’ करावे आणि तीन महिन्यांच्या मुदतीचे एक टोकन काढावे. कारणाच्या जागी ‘रात्रीची यादी’ एवढेच लिहावे. मग रोज रात्री एका स्क्रिप्टने साइट, पूल आणि प्रमाणपत्रांची यादी मागवावी, तारखेच्या नावाने जतन करावी आणि कालच्या यादीशी ताडून पाहावी. बहुतेक रात्री फरक निघणार नाही. कुणाला आठवत नसलेली एखादी साइट, बंद करायची राहून गेलेला एखादा पूल, संपत आलेले एखादे प्रमाणपत्र त्या पहिल्याच यादीत समोर येईल. तीन महिन्यांनी टोकन संपून स्क्रिप्ट थांबेल, तेव्हा ते कुणाच्या लक्षात येते आणि किती दिवसांनी, हेही त्याच चाचणीत कळेल.